डिकीतला मान

आमच्या घरातले महत्त्वाचे निर्णय गेली दोन वर्षं आईचा उजवा गुडघा घेत होता.

गुडघा तसा नवाच. डॉक्टरांनी जुना काढून बसवलेला. पण आल्याबरोबर त्याने घर ताब्यात घेतलं. जमिनीवर बसणं बंद झालं, पाट माळ्यावर गेले, जेवणं टेबलावर आली. इथवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पंचाईत झाली ती आमच्या गाडीची. गाडी छोटी आणि बुटकी. आई तिच्यात बसायची, नाही असं नाही. बसणं म्हणजे वरून अंग सोडून देणं, ते जमायचं. उतरताना मात्र पुढून मी ओढायचो, मागून माझी बायको मेधा ढकलायची आणि मधल्या मध्ये आई म्हणायची, "सोडा रे मला, इथेच राहते." टिटवाळ्याच्या देवळाबाहेर एकदा हा कार्यक्रम चालू असताना बरीच माणसं जमली आणि एका भक्ताने तर (गणपती सोडून) आमचा व्हिडिओ काढला. त्या दिवशी आईने जाहीर केलं की आता ती कुठेही जाणार नाही. देवाला वाटलं तर तो घरी येईल आणि अक्काला वाटलं तर ती फोनवर येईल.

अक्का म्हणजे आईची मोठी बहीण, आमची अक्कामावशी. ती राहते नौपाड्यात, आम्ही डोंबिवलीला. मध्ये काही समुद्र नाही. पण मावशीला घराबाहेर पडवत नाही आणि आईला गाडीबाहेर पडवत नाही, त्यामुळे दोघी बहिणी दोन वर्षं एकमेकींना भेटल्या नव्हत्या. व्हिडिओ कॉल करून पाहिला. मावशीला दिसतं कमी आणि आई फोन धरते वाकडा, त्यामुळे मावशी अर्धा अर्धा तास आमच्या फ्रीजशी बोलायची.

अशात मावशीचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. एक्याऐंशी वर्षं पुरी झालेल्या माणसाला तेवढेच दिवे ओवाळायचे. मावशीने तिच्या मुलाला, दीपकला, एकच अट घातली: पहिली ओवाळणी इंदू करेल. इंदू आली नाही तर दिवे विझवा आणि जेवायला वाढा. इंदू म्हणजे आमची आई. निरोप ऐकून आईने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "माझी ना नाही. गुडघ्याला विचारा."

ही संधी साधून मी मोठ्या गाडीचा विषय काढला.

आता खरं सांगायचं तर मोठी गाडी माझ्या मनात गुडघ्याच्याही आधीपासून होती. रस्त्यात तशी गाडी शेजारी उभी राहिली की तिच्यातला माणूस माझ्याकडे वरून बघतो, आणि मी त्याच्या टायरकडे. हे मी मेधाला कधी बोललो नव्हतो. तिला अर्थातच माहीत होतं.

"आईंच्या गुडघ्याआड लपू नकोस," ती म्हणाली. "तुला पाहिजे म्हण."

मग घरात चर्चा सुरू झाली आणि आठवडाभर भाजी कोणती करायची याकडेही कोणाचं लक्ष राहिलं नाही. मी गुण सांगायचो, मेधा दोष काढायची. मी म्हणालो, गाडी उंच आहे, खड्डे कळत नाहीत. मेधा म्हणाली, डोंबिवलीत राहून खड्डे कळले नाहीत तर घर आलं हे कसं कळणार? आमच्या मुलीला, ईशाला, छताला उघडणारी काच हवी होती. "बाबा, सनरूफ मस्ट आहे, बाकी कुछ भी चलेगा." आईला छताला खिडकी हा प्रकार मुळीच पटेना. गळकं छप्पर कोणी मुद्दाम विकत घेतं का, असं तिने दोनदा विचारलं. मी चारही बाजूंनी दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं कौतुक केलं, बटण दाबलं की आपोआप उघडणाऱ्या डिकीचं केलं, आणि मधल्या रांगेतल्या दोन ऐसपैस सुट्या खुर्च्यांचं तर फारच केलं. मेधाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. दोन खुर्च्यांच्या मध्ये ती वाट कशाला सोडलीय? तिथे आणखी एक माणूस बसला असता. गाडीत फिरायला जातात का लोक?

शेवटी मेधानेच तोडगा काढला. समारंभाच्या दिवशी तीच गाडी एक दिवस भाड्याने आणायची. आई सुखरूप अक्काला भेटली तर गाडी घ्यायची. नाही भेटली तर या घरात पुन्हा कधीही गाडीचा व्हिडिओ लागणार नाही. मी हो म्हणालो. (दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.)

त्या सकाळी गाडी आमच्या इमारतीखाली उभी राहिली आणि मी तिच्याभोवती तीन-चार फेऱ्या मारल्या. मग आई आली. तिने दार उघडलं, पाय उचलला आणि पाय जिथे पोचला तिथून गाडी अजून बरीच वर होती.  मेधाने फक्त माझ्याकडे पाहिलं. बुटक्या गाडीतून आई बाहेर निघत नव्हती आणि उंच गाडीत आई आत शिरत नव्हती. दोन्हींच्या मधली गाडी अजून कोणी काढलेली नाही.

मार्ग आईनेच काढला. माळ्यावरचा पाट आणा म्हणाली. माझी मुंज ज्या पाटावर लागली, लग्नात मी ज्याच्यावर उभा होतो, तो शिसवी पाट खाली आला. आई त्याच्यावर चढली, तिथून गाडीत चढली आणि मधल्या खुर्चीत अशी बसली की मला आत्ताच नौपाडा दिसायला लागला. गाडीत एवढ्या सोयी होत्या, पण पाट ठेवायचं कोणा इंजिनिअरला सुचलं नव्हतं.

एवढ्यात आत्या आणि आप्पा आले. आप्पा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वय पंचाहत्तरीच्या पुढे, पण आमच्या घरी ते अजून जावई आहेत आणि ही गोष्ट ते कोणाला विसरू देत नाहीत. माझ्या मुंजीत पहिली जिलबी त्यांच्या पानात न पडता शेजारच्या पानात पडली होती. तेव्हापासून ते आमच्याकडच्या कार्यात जिलबी खात नाहीत, नुसते तिच्याकडे बघतात.

आप्पा सरळ पुढच्या सीटकडे निघाले. पण तिथे मेधा बसली होती आणि तिच्या मांडीवर परात होती. परातीत कणकेचे एक्याऐंशी दिवे. (वर दोन जास्तीचे, आप्पांचा धक्का लागला तर म्हणून.) पहाटे उठून तिने एकेक दिवा वळून उकडला होता आणि तो ऐवज ती दुसऱ्या कोणाच्या मांडीवर द्यायला तयार नव्हती. मधल्या दोन खुर्च्यांत आई आणि आत्या. राहिली शेवटची रांग. तिथे ईशा अगोदरच कानात इअरफोन घालून बसली होती.

"आप्पा, तुम्ही मागे बसा, ऐसपैस," मी म्हणालो.

आप्पांनी वाकून पाहिलं. "मागे म्हणजे? डिकीत?"

"डिकी नाही हो आप्पा, थर्ड रो म्हणतात त्याला."

"थर्ड क्लास," आप्पा शांतपणे म्हणाले आणि आत जाऊन बसले. कोपर पूल ओलांडून आम्ही माणकोलीच्या पुलावर पोचेपर्यंत त्यांनी मागून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, की जावयाला डिकीत घालून नेणारं घराणं त्यांनी आज पाहिलं. आत्या त्यांना गप्प बसा म्हणत होती, पण फारशी जोरात नाही. तिलाही पटत असावं.

मी मात्र खुशीत होतो. खड्डे येत होते, जात होते, मला कळत नव्हते. शेजारून जाणाऱ्या छोट्या गाड्यांकडे मी वरून बघत होतो. आई खिडकीतून खाडी बघत होती. मध्येच म्हणाली, "अक्काला सांगू नका हं, मला सरप्राइज द्यायचंय." सरप्राइज मलाही द्यायचं होतं. गाडी मोठी आणलीय हे मी दीपकला सांगितलं नव्हतं आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

मावशीची इमारत जुनी. बाजूला एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला मागचं अंगण आणि अंगणात मंडप. दीपकने फोनवर बजावलं होतं की आईला चालायला लावू नकोस, गाडी रिव्हर्सने थेट बोळात घाल आणि मंडपापाशी उतरव. त्याच्या डोळ्यांपुढे आमची बुटकी गाडी होती. मी मोठी गाडी बोळाच्या तोंडाशी आडवी-उभी केली आणि रिव्हर्स टाकला. लगेच गाडी टूं टूं करायला लागली. पडद्यावर चारी बाजूंनी लाल रेघा आल्या.

"हिला काय होतंय?" आईने विचारलं.

"आई, ती नको म्हणतेय," मेधा म्हणाली. "सुहास, बसणार नाही ही इथे."

मीही थांबणार होतो. खरंच थांबणार होतो. पण तेवढ्यात मागून, मंडपाच्या बाजूने, दीपकचा खणखणीत आवाज आला, "येऊ द्या! येऊ द्या!"

आता तुम्हीच सांगा. एकीकडे यंत्र आहे आणि दुसरीकडे रक्ताचा मावसभाऊ आहे. यंत्राला नौपाडा काय माहीत? मी मेधाला म्हणालो की दीपक उभा आहे मागे, तो बघतोय. आरसे मिटवायचं बटण होतं, तेही दाबलं. गाडी मागे घेतली. "येऊ द्या, अजून येऊ द्या," दीपक ओरडला. मी अजून घेतली. "डावीकडून येऊ द्या!" मी डावीकडून घेतली. डावी भिंत इतकी जवळ आली की आत्याला तिच्यावरची जुनी जाहिरात वाचता आली. टूं टूं ची आता एकच लांब शिट्टी झाली होती. मग मागून तीन-चार आवाज एकदम आले, "बास, बास, बास!" मी ब्रेक दाबला, हात झटकले आणि मेधाकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"मठ्ठा येऊ द्या आता!" दीपक ओरडला.

 मागच्या काचेतून ईशाने पाहिलं आणि वृत्तांत दिला. मधुमेहवाल्या मंडळींना उपाशी ठेवता येत नाही म्हणून त्यांची पंगत आधी बसली होती आणि दीपक आमच्याकडे पाठ करून जिलबी वाढायला लावत होता. डावीकडून येऊ द्या म्हणजे पंगतीच्या डावीकडून. 'बास' म्हणणारे आजोबा पानावर आडवा हात धरून बसले होते. गाडी बोळात शिरलीय हे मंडपातल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं.

मी दार उघडलं. ते भाकरीच्या जाडीएवढं उघडलं आणि भिंतीला टेकलं. दुसऱ्या बाजूला पापडाच्या. म्हटलं, गाडी पुन्हा पुढे घेऊ. पुढे पाहिलं तर बोळाच्या तोंडावर, आमच्या बॉनेटला नाक लावून, केटररचा टेम्पो उभा होता आणि टेम्पोवाला बर्फ आणायला गेला होता. दीपकला फोन लावला तर त्याचे हात पाकात. हॉर्न वाजवला तर तो न वळता ओरडला, की त्या टेम्पोवाल्याला सांगा रे, आत कार्य आहे, हॉर्न वाजवू नकोस. आईपासून तिची बहीण वीस-पंचवीस पावलांवर होती आणि मध्ये मी लावलेली गाडी होती.

 आईने हातातली पिशवी नुसती दुसऱ्या हातात घेतली. दोन वर्षांनी इथवर आणून तिला बोळात कोंडून ठेवलं हे मला इतकं लागलं, की गाडी, सनरूफ, कॅमेरा, सगळं त्या क्षणी मला नकोसं झालं.

"त्या डिकीचं बटण कुठेय रे?" मेधाने विचारलं.

मी दाबलं. टिंग टिंग असा आवाज करत डिकी सावकाश, अगदी नाटकाचा पडदा जावा तशी वर गेली. पंगत जेवायची थांबली. मंडपाला पहिलं दर्शन झालं ते आप्पांच्या टकलाचं.

ईशाने आपल्या बाजूची सीट पाडली, खाली उडी मारली आणि पाट मांडला. आप्पा पाडलेल्या सीटवरून सरकत, धोतर सावरत बाहेर आले आणि पाटावर उभे राहिले. डिकी उघडलेली पाहून दीपकची बायको आईसाठी तयार ठेवलेलं निरांजनाचं तबक घेऊन समोर आली होती. आता पाटावर माणूस उभा आणि हातात तबक असल्यावर हात थांबत नाही. तिने आप्पांना कुंकू लावलं, औक्षण केलं. मागून दीपक धावत आला, हातात होती ती जिलबी त्याने गडबडीत आप्पांच्या तोंडात घातली. आप्पांनी डोळे मिटले. माझ्या मुंजीची जिलबी त्यांना अखेर मिळाली. ती त्यांनी खाल्ली.

मग पिशव्या आल्या. परात आली, मेधाच्या हातातून आत्याच्या, आत्याच्या हातातून ईशाच्या. एकही दिवा कलंडला नाही. आत्या आली. मेधा दोन सीटांच्या मधून सुळकन निसटली आणि मागे जाऊन आईला हात दिला. आई खुर्चीतून उठली. जी वाट म्हणजे एका माणसाची जागा फुकट असं मेधा आठवडाभर म्हणत होती, त्याच वाटेने, दोन्हीकडच्या खुर्च्या धरत आई मागे गेली. मेधाने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.  बायकोवर असे विजय मिळतात तेव्हा ते मोठ्याने साजरे करायचे नसतात.

आई सीटवर बसून सरकली आणि डिकीच्या कडेवर येऊन टेकली. पाय बरोबर पाटावर. ना ओढणं, ना ढकलणं.

तोवर मावशी काठी टेकत उठली होती. सगळे बसा बसा म्हणत असताना ती चालत आली, डोळे बारीक करून आईकडे पाहिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"इंदू, तू उंचावर कशी गं? दीपकने स्टेज मागवलं का?"

"गाडी आहे, अक्का. सुहासने आणलीय."

"मग मला बसू दे की."

आणि मावशी आईला खेटून डिकीत बसली. दोघी हातात हात घालून पाय हलवत बसल्या.  गुरुजींनी आकाशाकडे आणि गाडीकडे पाहून सांगितलं की तोंडं पूर्वेला आहेत, वर छत्र आहे, यजमानीणबाई बसल्या आहेत, इथेच होऊ द्या. मेधाचे दिवे लागले. आईने बसल्या जागेवरून पहिली ओवाळणी केली आणि मग सगळ्या बायका डिकीसमोर रांगेने आल्या. नौपाड्यात पुष्कळ समारंभ झाले असतील, पण डिकीला ओवाळलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

पाहिलं म्हणजे आरशात पाहिलं. कारण मी अजून ड्रायव्हरच्या सीटवरच होतो. मेधा निसटली त्या फटीतून मीही निसटायला गेलेलो, पण माझं पोट आणि चहाचे कप ठेवायचा तो कप्पा यांचं जमेना. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी वायपर चालू झाले. कॅमेऱ्यावर बघावं म्हटलं तर कॅमेरा डिकीबरोबर वर गेलेला, पडद्यावर नुसती मंडपाची झालर दिसत होती. आई आणि मावशीच्या पाठी मात्र आरशात छान दिसत होत्या. एक हिरवं लुगडं, एक जांभळी साडी, आणि मध्ये अजिबात फट नाही. मला भरून आलं. डोळे पुसायला हात वर नेला तर कोपर हॉर्नवर पडलं आणि दीपक पुन्हा टेम्पोवाल्यावर ओरडला.

जेवणाचं ताटही मला आतच मिळालं, मधल्या वाटेने, ईशाच्या हातून. जिलबी उत्तम होती. दोन संपल्यावर मी मान वळवून आवाज दिला, "अजून येऊ द्या!"

तेवढ्यात टेम्पोवाला बर्फ घेऊन परत आला होता आणि टेम्पोत चढला होता. कोणीतरी आपल्याला जागा दाखवतंय असं वाटून बिचाऱ्याने टेम्पो पुढे घेतला. ठक! नंबरप्लेट जरा वाकली. त्या आवाजावर मागून आईने विचारलं, "कोण आलं रे?"

संध्याकाळी परतताना मी आप्पांना आग्रहाने पुढची सीट देऊ केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना गाडीतूनच उतरवतोय. कपाळावरचं कुंकू सांभाळत ते मागे गेले. "मी माझ्या जागेवर बसतो," म्हणाले. वाटेत आत्याने जरा मागे बसून बघते म्हटलं, तर तिलाही त्यांनी नाही म्हणून सांगितलं. डिकी जावयाची.

आई गाडी सुरू झाल्यापासून झोपली होती. पुलावर मेधा हळूच म्हणाली, "घेऊ या ही गाडी. चांगली आहे. एकच गोष्ट जरा जास्त मोठी आहे."

"लांबी ना? होईल सवय," मी म्हणालो.

"ड्रायव्हर," मेधा म्हणाली.

गाडी आली. पाट तिच्यात कायमचा राहायला गेला. आई आता महिन्याला नौपाड्याला जाते, परवा टिटवाळ्यालाही जाऊन आली आणि गुडघा तिला काही विचारत नाही. आमच्याकडे सध्या सगळे निर्णय माझं पोट घेतं. रोज सकाळी मी खाली जातो, ड्रायव्हरच्या सीटवर बसतो आणि त्या फटीतून मागे जायचा प्रयत्न करतो. आतापर्यंत कप ठेवायच्या कप्प्यापर्यंत पोचलोय. शेजारी विचारतात, इतका वेळ गाडीत काय करता? आई वरून गॅलरीतून सांगते, "काही नाही हो, बाहेर येतोय!"